बंद दाराआडचा पाव

मुंबईतल्या काही सुशिक्षित, पांढरपेशा मंडळींनी 1849 मध्ये एक गुप्त सभा काढली. नाव परमहंस मंडळी. पुढारी दादोबा पांडुरंग तर्खडकर, आपल्या व्याकरणाचे दादोबा. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. आत शिरायचं तर जात मानणार नाही अशी शपथ घ्यायची, ख्रिस्त्यानं भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. एक तुकडा, एक घोट. तेवढ्यावरून त्या काळी माणूस वाळीत पडे, पोरीचं लग्न अडे, मयताला खांदा मिळत नसे.

सभासद पुरेसे वाढले की उघड व्हायचं, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. 1860 मध्ये नावांची यादी चोरीला गेली आणि मुंबईभर एकच बोभाटा झाला. यादीत आपलं नाव आहे या भीतीनंच मंडळी मोडली.

मला ही माणसं आवडतात. पाव तोंडात घालताना त्यांच्या पोटात गोळा आला असेल, तरी त्यांनी तो खाल्ला. पण दार लावून खाल्ला, आणि माझं भांडण त्या दाराशी आहे. याच मंडळीत जाणाऱ्या बाबा पदमनजींनी 1854 मध्ये चारचौघांत बाप्तिस्मा घेतला आणि होईल ते सोसलं. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही दिवसाढवळ्या. मंडळीतल्या उरलेल्यांनी दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला. तो उघड होता, पण त्यात यायला जात मोडण्याची अट नव्हती. म्हणजे सभा उघडी झाली आणि पाव गेला! पुढं 1890 मध्ये पुण्यात ख्रिस्त्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा झाला आणि तो घेतलेल्यांची नावं छापून आली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

आपल्या लातूर-नांदेडाच्या शेजारी याच्या किती तरी आधीचा, वेगळा दाखला आहे. निलंग्याच्या पलीकडं, सीमेपार बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, समगार (चांभार) हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न उघड लावलं. दोन्ही बापांना राजा बिज्जळाच्या राज्यात देहदंड झाला, अशी परंपरा सांगते. बसवण्णांच्या जयंतीला आपल्या गावोगाव मिरवणुका निघतात. त्या मिरवणुकीतल्या किती घरांनी गेल्या तीन पिढ्यांत हरळय्याच्या घरी सोयरीक केली?

आपण सोय पाहिली ती मुंबईवाल्यांचीच, मनात एक आणि चारचौघांत दुसरं. नांदेडच्या हॉटेलात, लातूरच्या शिकवणीच्या मेसमध्ये सगळ्या जातींची पोरं एका टेबलावर जेवतात आणि कुणी कुणाला विचारत नाही. हे मोठं काम झालं, ते मी नाकारत नाही. पण त्याच पोराच्या लग्नाचा बायोडाटा हातात घ्या. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची, आणि मग जात, पोटजात, कुळ, मामाचं आडनाव. पगाराचा आकडा त्याच्याही खाली. घरात पुरोगामी असलेला बाप तो कागद स्वतः टाईप करून घेतो आणि म्हणतो, मला काही नाही हो, पण भावकी आहे.

या भावकीचा धाक किती खरा आहे ते निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीनं 2022 मध्ये दाखवलं. दलित तरुणांनी मारुतीच्या देवळात नारळ फोडला, म्हणून वस्तीला किराणा आणि दळण नाकारल्याच्या बातम्या आल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात 2017 पासून लागू आहे. कायद्यानं गिरणी सुरू करता येईल. पण गिरणी बंद झाली त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एकानं आपला डबा उचलून, याचं दळण आधी टाक, नाहीतर माझंही नको, एवढं म्हणायला कायदा लागत नाही.

तुळशीचं लग्न झालं की आपली मंगल कार्यालयं भरू लागतील. ज्यांना मनातून जात नको आहे अशी घरं दोन्ही शहरांत भरपूर आहेत. मी त्यांच्याकडं जेवलो आहे. त्यांनी यंदा बायोडाट्यातल्या त्या चार ओळी काढाव्यात, आणि भावकीच्या ग्रुपवर तोच कागद स्वतःच्या नावानं टाकावा.