बैल जर अंगावर आला

नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात काय किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात काय, कुठल्याही अभ्यासिकेत हा गडी हमखास सापडतो. शेजारी नीटची पोरं जीवशास्त्रात बुडालेली असतात आणि हा लाँग बुकात. लाँग बुकाला तीन रकाने आखलेले असतात : शब्द, मराठी अर्थ आणि युक्ती. ‘मीगर’ म्हणजे तुटपुंजा. युक्ती, ‘मी गरीब’. ‘गॅरुलस’ म्हणजे बडबड्या. युक्ती, ‘गारुडी लई बोलतो’. ‘बेलिजरंट’ म्हणजे भांडखोर. युक्ती, ‘बैल जर अंगावर आला’. हा व्होकॅबवाला. चहाच्या टपरीवर त्याच्या हातात कट येण्याआधी दोन ज्युनिअर त्याला ‘भाऊ, एक शब्द विचारा की’ म्हणतात आणि भाऊ विचारतात. उत्तर आलं तर भाऊंचा चेहरा पडतो.

त्याला इंग्रजीची हौस आहे, असं लोक समजतात. मला ते पटत नाही. हौस असती तर त्याने एखादी इंग्रजी कादंबरी नाही तर निदान क्रिकेटचं समालोचन तरी कान देऊन ऐकलं असतं. तो इंग्रजीकडे भाषा म्हणून बघतच नाही, विषय म्हणून बघतो. ही त्याची एकट्याची तऱ्हा नव्हे. राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी ज्या लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर केलं, त्याचं मर्म जादा तास, सराव परीक्षा आणि प्रश्नसंचांची आवर्तनं हेच होतं. त्या रेट्यातून शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. वनस्पतींची लॅटिन नावं घोकून मार्क मिळतात. मग ‘पर्स्पिकेशस’नेच काय घोडं मारलंय? व्होकॅबवाला तीच रीत इंग्रजीला लावतो. अडचण एवढीच की वनस्पतीला आपल्या नावाने वाक्य बनवायचं नसतं.

म्हणून त्याचं इंग्रजी वरून दाट आणि खालून विरळ असतं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे आजच्या व्होकॅबवाल्याच्या मागे इंग्रजीची चांगली बारा वर्षं असतात. तरीही ‘पुट अप विथ’ समोर आलं की तो थबकतो. याचं कारण अजब वाटेल, पण अवघड शब्दच सोपे असतात. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो, तो एका रकान्यात मावतो. सोप्या शब्दांना मात्र अंत नसतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ दिले आहेत. त्यांची युक्ती काढायला बैलांचा अख्खा बाजार लागेल. त्यातून हे शब्द डोळ्यांनी शिकलेले, कानांनी नव्हे. ‘हायपरबोली’ त्याच्याकडे जन्मभर ‘हायपरबोल’ राहते आणि त्याला कोणी टोकत नाही, कारण आसपास सगळे हायपरबोलवालेच.

आता कोणी म्हणेल, परीक्षाच ते विचारते त्याला तो काय करणार? हे अगदी खरं आहे. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न असतातच आणि तिथे एकेका मार्काने नोकरी हुकते. पण ज्या अमेरिकन परीक्षेच्या तयारीसाठी तीन-साडेतीन हजार अवघड शब्दांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, त्या जीआरईनेच २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले आणि शब्दाचा अर्थ संदर्भातून विचारायला सुरुवात केली. याद्या मात्र आपल्याकडे मुक्कामाला राहिल्या. शशी थरूर यांनी २०१८ साली आपल्या पुस्तकाची जाहिरात करताना ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरी शब्द सोडला. थरूर तो गंमत म्हणून वापरतात, व्होकॅबवाला गंभीरपणे पाठ करतो. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. परीक्षेतही त्याची किंमत तेवढीच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. खेड्यातून आलेल्या, घरात इंग्रजीचा वारा नसलेल्या पोराला हसणं शहरी माजाचं लक्षण नाही काय? असेल. म्हणून इथला इतिहास आठवावा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. अर्जात वजनदार फारसी शब्द पेरणाऱ्याला तेव्हा गाव मान देत असे, कारण त्या शब्दांनी कचेरीचं दार किलकिलं व्हायचं. जड शब्द म्हणजे सरकार, हे समीकरण व्होकॅबवाल्याने शोधलेलं नाही, त्याला ते वारशाने मिळालंय. शिवाय यादीचा एक मोठा गुण असा की यादी हसत नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात ‘आय डिडन्ट वेंट’ असं तोंडातून निसटलं की चार जण वर्षभर नक्कल करतात. लाँग बुकाशी कितीही चुकलं तरी ते गप्प बसतं. बोलण्याची लाज आणि मार्कांची गरज या दोहोंना पुरून उरेल असा इंग्रजीचा हा एकमेव प्रकार आहे. तेव्हा हसायचंच असेल तर वाक्याविना शब्द विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेला आधी हसावं. त्याच्यासाठी थोडं हसू शिल्लक ठेवायला हरकत नाही, विशेषतः तो मेसवाल्या काकूंच्या पातळ वरणाला ‘मीगर’ म्हणतो तेव्हा. वरण भरपूर असतं, नसते ती डाळ.

पुढे त्याची निवड होते. बँकेत, बहुधा कंधार, मुखेड किंवा निलंग्याकडची शाखा. काउंटरवर पीककर्ज, केवायसी आणि ‘साहेब, सर्व्हर कधी येईल’ एवढ्यावर भागतं, तेही मराठीत. लाँग बुक मात्र अभ्यासिकेत मागे राहतं आणि झेरॉक्सवाल्याकडे ‘सरांच्या नोट्स’ या नावाने पानाच्या भावाने विकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स निघत चौथ्या-पाचव्या बॅचपर्यंत पानं सरकत जातात आणि मधला, अर्थाचा रकाना काळा पडून वाचता येईनासा होतो. शब्द राहतो, युक्ती राहते. तक्रार घेऊन अजून कोणी आलेलं नाही.