५८९३

फिजिक्सच्या लॅबमध्ये मी ३१ वर्षं काढली. कागदोपत्री हुद्दा प्रयोगशाळा परिचर, पोरांच्या तोंडी ‘मामा’. तेवढ्या काळात सात प्राचार्य झाले, अभ्यासक्रम किती बदलले त्याचा हिशेब ठेवला नाही. बी.एस्सी. फिजिक्सचा पोरगा मात्र होता तसाच राहिला.

जुलैत वर्ग गच्च असतो. त्यातले निम्मे पाहुणे. कुणी पुन्हा नीट देणार असतो, कुणाचे डोळे इंजिनिअरिंगच्या पुढच्या राऊंडकडे लागलेले. गणपती उठेपर्यंत ही मंडळी पांगतात आणि मागे उरतो तो खरा आमचा. त्याला ब्लॅक होल हवं असतं. पूर्वी हॉकिंगचं पुस्तक वाचून यायचे, २०१४ नंतर ‘इंटरस्टेलर’ बघून येतात. पहिल्याच दिवशी विचारतो, “मामा, क्वांटमचं प्रॅक्टिकल कधी?” मी त्याच्या हातात व्हर्निअर आणि एक पितळी नळकांडं ठेवतो. म्हणतो, आधी ह्याचा व्यास सांग. व्यास तीन वेळा तीन येतात. चौथ्यांदा तो शेजारच्याच्या वहीत बघतो.

वाचनाची हौस दांडगी. फाइनमनच्या व्याख्यानांचे तीन लाल खंड, त्यातला हा थेट तिसरा उचलतो, कारण क्वांटम त्यात आहे. आमच्या ग्रंथपाल बाई सांगायच्या, पहिली वीस पानं हात लागून लागून मळलीत, बाकीचं पुस्तक छापखान्यातून आलं तसं आहे.

दिवाळीत गावी गेला की आत्या विचारते, “फिजिक्स करून काय होतोस रे? मास्तर?” तो श्रॉडिंजरच्या मांजरापासून सुरुवात करतो. मांजर जिवंतही आहे आणि मेलेलंही, इथपर्यंत आत्या ऐकून घेते. मग चकलीचं पीठ बघायला उठते ती परत येत नाही. काका एवढंच म्हणतो, “एमपीएससीचा फॉर्म भरून ठेव.”

पण ह्याची खरी ओळख पटते सोडियमच्या दिव्यापाशी. हा दिवा लावला की आधी गुलाबी-लाल दिसतो, पुरता पिवळा व्हायला दहाएक मिनिटं लागतात. पोरगा दुसऱ्या मिनिटाला “मामा, दिवा बिघडला” म्हणून बटण बंद करतो. मग निवल्याशिवाय मी तो पुन्हा लावू देत नाही. तेवढ्या वेळात मला विश्वाची उत्पत्ती ऐकावी लागते. बिग बँग मला आता तोंडपाठ आहे.

न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग ह्याच दिव्यावर होतो. सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग ठेवायचं आणि वरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. मधोमध काळा ठिपका दिसतो, त्याभोवती काळ्या-पिवळ्या कड्या. स्क्रू एकाच दिशेला फिरवत, कडी कडी मोजत, टोकापासून टोकापर्यंत जायचं. मधेच उलटा फिरवलात तर बॅकलॅश, म्हणजे सगळं पहिल्यापासून. मान आखडते, डोळ्याला पाणी येतं. एवढं करून उत्तर काय, तर ५८९३ अँगस्ट्रॉम. सोडियमच्या दोन रेषा, ५८९० आणि ५८९६, त्यांच्या मधला आकडा. तो पोराला आधीच ठाऊक असतो. मग तो मान कशाला मोडून घेईल? उत्तरावरून वर चढत कड्यांचे व्यास काढतो. ह्याला लॅबच्या भाषेत रीडिंग बसवणं म्हणतात. त्यातही अक्कल असते. नेमका ५८९३ तो कधीच आणत नाही. ५८७१ आणतो, फार तर ५९१२. चूक किती शोभून दिसते ह्याचा त्याला चांगला अंदाज असतो. व्हर्निअर वाचता येत नसलं म्हणून काय झालं?

एका वर्षी भिंगाचा टवका उडाला. नवं आलं, वक्रता त्रिज्या १५० सेंटीमीटर. जुनी डबी भक्कम होती म्हणून मी ते तिच्यातच ठेवलं. डबीवर १०० लिहिलेलं, ते बदलायचं राहून गेलं. त्रिज्या डबीवरची घ्यायची हा आमचा रिवाज. टर्मभर अठरा जर्नलं तपासून झाली आणि अठरांतल्या एकाचंही उत्तर चुकलं नाही.

एकोणिसावी हिंगोलीकडची पोरगी. तिच्या आजोळाजवळ, औंढा नागनाथला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. गावाला तिथली शिपायाची भरती कधी निघते हे हवं होतं, हिला एवढंसं मोजतात कसं हे हवं होतं. तिचं उत्तर आलं ८८४०. सर म्हणाले, पुन्हा घे. पुन्हा ८८३५. बॅच म्हणाली, “५८९३ टाक आणि चल, बस चुकेल.” बस चुकलीच. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर मला म्हणते, “मामा, ८८४० म्हणजे इन्फ्रारेड. तो डोळ्याला दिसत नाही. मग मला ह्या कड्या दिसतात कशा?”

ह्यावर परिचर काय बोलणार? तिनं स्फेरोमीटर मागितलं. कपाटावरून काढून, धूळ पुसून दिलं. भिंगाची त्रिज्या तिनं मोजली, ती १४८ आली. डबी माझ्यासमोर धरून म्हणाली, “मामा, ही डबी खोटं बोलतेय.”

मी म्हटलं, “हळू बोल बाई, अठरा जर्नलं सर्टिफाय झालीत.”

तिनं मोजलं तसंच लिहिलं, स्फेरोमीटरच्या रीडिंगसकट. सरांनी सही केली आणि लाल शाईत शेरा मारला, ‘उशिरा सादर’.

त्याच संध्याकाळी मी डबीवर १५० लिहिलं, ठळक, मार्करनं. पुढच्या वर्षीच्या बॅचनं अठरांपैकी एक जर्नल कुठून तरी मिळवलं. त्यात त्रिज्या १०० होती, त्यांनी १००च घेतली. उत्तर आलं ५८७१.