अडीच नातेवाईकांची लेन्स

कॅमेरा कितीला घेतला ते इथे लिहीत नाही. हा अंक आमच्या घरी येतो.

बाकी सगळं सांगतो. कॅमेरा २००४ सालचा, सहा मेगापिक्सेलचा आणि एप्सन कंपनीचा आहे. आर-डी१ त्याचं नाव.

"एप्सन म्हणजे तुझ्या ऑफिसात प्रिंटर आहे तीच ना?" बायकोने विचारलं.

"तीच."

"मग यातून फोटो येतो की झेरॉक्स?"

मी तिला समजावलं की डिजिटल रेंजफाइंडर हा प्रकार जगात पहिल्यांदा याच कंपनीने आणला. लायकासारख्या लायकाचा एम८ यायला २००६ साल उजाडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या मोबाईलमध्ये पन्नास आहेत."

"पन्नास काय?"

"तुझ्यात जे सहा आहेत ते."

रेंजफाइंडर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, ते सुखी आहेत. नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सला जे दिसतं तेच आरशावरून आपल्या डोळ्याला दिसतं. इथे तसं नाही. लेन्स आपल्या जागी बसून आपलं बघते आणि तुम्ही वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून तुमचं बघता. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांसारखा हा कारभार. त्या खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो. त्यात समोरच्या माणसाची दुसरी, पुसट प्रतिमा दिसते. लेन्सचं कडं फिरवत जायचं. दोन नाकं बरोबर एकावर एक बसली की फोकस झाला.

हे वेड लागलं काकांमुळे. ऐंशीच्या सुमारास त्यांनी कुवेतहून याशिका इलेक्ट्रो ३५ आणला होता. त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. एका दिवाळीत त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तो माझ्या डोळ्याला लावला. आत पिवळसर चौकोनात दोन काकू उभ्या होत्या. काकांनी हळूच कडं फिरवलं आणि दोन काकूंची एक काकू झाली. आयुष्यात पुढे बरेच चमत्कार पाहिले, पण त्या तोडीचा नाही.

तर आर-डी१. यात फिल्म नाही, तरी प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने खटका ओढावा लागतो. ओढला नाही तर पुढचा फोटो निघत नाही. कोसिना कंपनीच्या बेसा या फिल्म कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर हा बेतलेला आहे, त्यामुळे शटर ताणायचं काम अजून माणसाच्या अंगठ्याकडेच राहिलंय. रीळ उलटं गुंडाळायची गोल कळही तशीच ठेवली आहे. ती फिरवून मेन्यू बघायचा. माथ्यावर घड्याळासारखी तबकडी आहे, तिच्यात चार काटे: किती फोटो उरले, बॅटरी किती, रंग कसा, दर्जा काय. सायको घड्याळवाल्यांच्या घराण्यातली कंपनी. काट्यांशिवाय त्यांना करमलं नसणार. मागचा छोटा स्क्रीन तर उलटा फिरवून आत मिटवता येतो. मिटवला की कॅमेरा थेट काकांच्या काळात जातो. ही सोय ज्याने केली त्याला मी फार मानत होतो. पुढे काय झालं ते येईलच.

असा कॅमेरा पुण्यात मिळत नाही. पण माझा भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो आणि तिथे जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं म्हणजे आपल्याकडची सराफी पेढी. काचेखाली मखमल, प्रत्येक कॅमेऱ्याच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलेले गुणदोष. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींत एवढा खरेपणा असता, तर निम्मी लग्नं झालीच नसती.

भाच्याने दुकानातून व्हिडिओ कॉल लावला. "मामा, बॉडी छान आहे. सोबत एक लेन्सपण दाखवतोय, पण त्याच्यात कुमोरी आहे म्हणतो."

"कसली कुमारी?" माझा आवाज जरा वाढला. स्वयंपाकघरातली फोडणी थांबली.

कुमोरी म्हणजे काचेवर आलेलं धुरकटपण. काबी म्हणजे बुरशी. आणि चिरी म्हणजे धूळ. "चिरी थोडी असतेच, मामा," भाचा म्हणाला. "मिरी नसली म्हणजे झालं," मी म्हणालो. दुकानदाराला यातलं काही कळलं नाही, तरी तो वाकून हसला. लेन्स नको म्हटलं, नुसती बॉडी बघू.

जुना डिजिटल रेंजफाइंडर घेताना काय तपासायचं याचा माझा सहा महिन्यांचा अभ्यास झाला होता. भाच्याला मी पाठच म्हणून दाखवला. लांबच्या इमारतीची कड धर आणि लेन्स अनंतावर ने. चौकोनातल्या दोन्ही कडा जुळल्या पाहिजेत. एक प्रतिमा वर नि एक खाली दिसत असेल तर ठेवून दे. मग लेन्सचं तोंड बारीक करून, एफ/१६ वर, मोकळ्या आकाशाचा फोटो घे. सेन्सरवरची धूळ तिथे ठिपक्यांसारखी दिसते. आणि शेवटची कसोटी: टोपण लावून एक फोटो काढ.

"टोपण लावून?"

"हो. निव्वळ काळा आला पाहिजे. बिघडलेला पिक्सेल असला तर काळ्यात चमकतो."

टोपणवाला फोटो काळाकुट्ट आला. कॅमेरा घेतला.

आता लेन्स. आमच्या एका मित्राकडे तीन लायका आहेत आणि तो त्यांच्याबद्दल सुनांबद्दल बोलावं तसं बोलतो. तो म्हणाला, "पहिली लेन्स पन्नास एमएमच. कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम पन्नासवर केलं."

"त्याच्याकडे दहा बाय बाराचा हॉल होता का?" बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं. या प्रश्नाकडे आम्ही दोघांनीही तेव्हा दुर्लक्ष केलं.

लायकाच्या लेन्सची किंमत मित्राने सांगितली, तेव्हा मी विषय पावसाकडे वळवला. मग एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. पितळी घंटा, सायकलच्या चेन आणि रिमोटांच्या ढिगात एक रशियन झोर्की-४ पडला होता. शटर अडकलेलं, चामडं सुटलेलं, पण तोंडावर ज्युपिटर-८ लेन्स. पन्नास एमएम, एफ/२. मुळात जर्मन झाइसच्या सोनारची रचना. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांत गेली. विकणाऱ्याने काच शर्टाच्या टोकाने खसाखस पुसली. माझ्या काळजात चर्र झालं, पण चेहरा मी भाजी घ्यायला आल्यासारखा ठेवला.

"थोडे कमी करा."

"काका, ज्या देशाने बनवला तो देशसुद्धा राहिला नाही. मी कमी कुठून करू?"

यावर काय बोलणार? घरी आणून पाहिलं तर लेन्सच्या नंबराची सुरुवात ७३ ने. सोव्हिएत लेन्सवर बहुधा पहिले दोन आकडे सालाचे असतात. म्हणजे आम्ही दोघं एकाच सालचे. कडं फिरवताना ती माझ्या गुडघ्यासारखी करकरायची, त्यामुळे जवळीक चटकन झाली. झोर्कीची लेन्स आट्यांची असते आणि आर-डी१ ला लायकाचा एम माउंट, जो एम३ बरोबर १९५४ साली आला. मध्ये एक पातळ रिंग बसवली की हे लग्न जमतं.

पहिला मुहूर्त भाचीच्या मुलाच्या बारशाचा ठरला. आईला जिना उतरवत नाही, म्हणून बारसं आमच्याच हॉलमध्ये. टोकियोहून भाचाही आला होता. मी स्क्रीन मिटवला, शटर एक साठांशावर ठेवलं, पाळण्यासमोर उभा राहिलो आणि खिडकीला डोळा लावला. पन्नासच्या चौकटीत पाळणा, भाची आणि आत्याचा खांदा एवढंच बसत होतं. मागे सरकलो. आत्याचं डोकं आलं, पण भाची गेली. अजून मागे सरकलो तर पाठीला शोकेस. "अरे, घुगऱ्या सांडतील," आई ओरडली. या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते, हे मला वाचून माहीत होतं. शोकेसच्या मुठीने ते पाठीला पटवलं.

बरं, पुढे सरकावं तर ज्युपिटरला एक मीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. आणि बारशात एक मीटरच्या बाहेर काय घडतं? तरी मी हरलो नाही. आत्याने बाळाच्या कानाला तोंड लावून "कुर्रर्र" केलं, त्याच क्षणी, चौकोनात तिची दोन नाकं एक झालेली असताना, मी कळ दाबली. खटका ओढला. पुन्हा दाबली. खिडकीच्या कडेला काहीतरी लाल लुकलुकत होतं, पण काकांच्या याशिकातही लाल दिवा लागायचा आणि काका त्याला कधी भीक घालत नसत. उरलेले फोटो दाखवणारा काटा इमानाने खाली येत होता. एकदाही स्क्रीन उघडला नाही. मनात म्हटलं, रात्री सगळे निजल्यावर बघू. जुन्या लोकांना तरी फोटो लगेच कुठे दिसायचे?

रात्रीपर्यंत थांबावं लागलं नाही. सात वाजता फॅमिली ग्रुपवर भाच्याने मोबाईलवर काढलेला फोटो आला. त्यात सगळे होते: आत्या, भाची, आई, बाळ, पाळण्यावरचा झेंडूसुद्धा. उजव्या कोपऱ्यात, शोकेसला पाठ लावून, एक डोळा मिटून, चेहऱ्यावर कार्तिए-ब्रेसाँ आणून मी. माझ्या लेन्सभोवती भाच्याने लाल गोल काढला होता. त्या गोलात टोपण होतं.

स्क्रीन उघडला. चौतीस फोटो, चौतीसही काळे. लेन्सचं आणि डोळ्याचं खातं वेगळं असल्यावर दुसरं काय होणार? मला शेवटपर्यंत सगळं लख्ख दिसत होतं.

"मामा, अभिनंदन," भाचा म्हणाला. "सेन्सर एकदम निर्दोष आहे. चौतीस वेळा तपासलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको टेप घेऊन हॉलमध्ये आली. पडदे शिवायला देताना वापरते तीच टेप. तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि माझ्या नाकापासून सोफ्यापर्यंत माप घेतलं. बरोबर तीन मीटर.

"आता सांग, तीन मीटरवर पन्नासमध्ये किती रुंदी येते?"

मी कागदावर हिशोब केला. सेन्सर चोवीस मिलिमीटरला जरासा कमी, भागिले पन्नास, गुणिले तीन. एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर.

"आणि एक माणूस किती?"

"पंचावन्न सेंटिमीटर धर. दंडासकट."

"म्हणजे अडीच नातेवाईक," ती म्हणाली. "आणि आत्याला पंचावन्नात धरू नकोस."

पस्तीसमध्ये दोन मीटर, म्हणजे साडेतीन. अठ्ठावीसमध्ये अडीच मीटर, साडेचार. मी अठ्ठावीसकडे झुकलो होतो, पण अठ्ठावीसची चौकट खिडकीच्या अगदी कडेला आखलेली असते, आणि चष्मा लावून ती पूर्ण बघायची तर डोळा कोपऱ्याकोपऱ्यात फिरवावा लागतो. म्हणजे वरच्या माणसांसाठी वर, आत्यासाठी उजवीकडे. शेवटी तडजोड पस्तीसवर झाली: फोइग्टलेंडरची कलर-स्कोपार, एफ/२.५, पेढ्याएवढी. नाव १७५६ सालच्या व्हिएन्नातल्या घराण्याचं, पण बनवते जपानची तीच कोसिना, जिने कॅमेऱ्याचा सांगाडा दिला. कॅमेरा आणि लेन्स नात्यातलेच निघाले. लेन्स बायकोच्या संमतीने घेतली, त्यामुळे हिची किंमत सांगायला हरकत नव्हती, पण मग दुसरीही विचारतील.

स्कोपारला सत्तर सेंटिमीटरपर्यंत दिसतं. ज्युपिटरपेक्षा तीस सेंटिमीटर जास्त माया.

परवा भाची बाळाला घेऊन आली. आता तो नऊ महिन्यांचा आहे आणि रांगतो. मी जमिनीवर पालथा पडलो, स्क्रीन उघडा ठेवला, टोपण काढून बाजूला ठेवलं आणि खिडकीला डोळा लावला. दोन बाळं समोरून येत होती. कडं फिरवलं, एक बाळ झालं. तोवर ते पुढे सरकलं आणि पुन्हा दोन झाली. पुन्हा फिरवलं. ते आणखी पुढे आलं. मी कोपरावर मागे सरकत गेलो, पाय शोकेसला लागले, आणि कडं सत्तर सेंटिमीटरवर येऊन अडलं.

"अरे, घे की त्याला, बघतोस काय," आई म्हणाली.

बाळ पोचलंच होतं. त्याने एका हाताने माझा चष्मा धरला आणि दुसऱ्याने खटका. कळ माझ्या बोटाखाली होती, दाबली गेली. फोटोत काय आलं असेल ते असो. टोपण लेन्सवर नव्हतं, एवढं मात्र छातीठोक सांगतो, कारण ते त्याच्या तोंडात होतं.