प्लॉटिंगवाले शेठ यांना अनावृत पत्र

प्लॉटिंगवाले शेठ यांस,



वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, जिकडं जावं तिकडं परभणीच्या काळ्या रानांची तुम्ही गट नंबरागणिक नगरं केलीत, त्याबद्दल आधी अभिनंदन. कमानीवर देवाचं नाव, आत मुरमाचे रस्ते आणि प्रत्येक रस्ता सरळ शेजारच्या बांधापर्यंत. बांधावर भिंत. पलीकडच्या शेठचाही रस्ता तिथंच येऊन थांबतो, जरा बाजूला सरकून. वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे दोघं पाठ करून उभे.

भिंतीपल्याडच्या शाळेत जायला पोरं मेन रोडवर येतात, ट्रॅव्हल्स आणि उसाच्या ट्रॅक्टरांमधून वळसा घालतात. धीट होतात बिचारी. पेट्रोलपंपवालेही तुम्हाला दुवा देत असतील.

डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. ले-आउटचे रस्ते शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी जुळवा, असं तिच्यात लिहिलंय. तुम्हाला वाचायला सवड झाली नसणार; ब्रोशर छापायची घाई असते. गुंठेवारीत तर तेवढीही कटकट नाही. बाँडवर विकायचं, घरं उभी राहू द्यायची, नियमित करायला सरकार आहेच. 2001 चा कायदा त्या वर्षीच्या 1 जानेवारीपर्यंतच्या प्लॉटांपुरता होता. 2021 ला ती तारीख थेट 31 डिसेंबर 2020 वर नेली. घरं नियमित होतील, पण घरांमध्ये अडकलेला रस्ता कोण सोडवणार?

अहमदाबादेत उलटी रीत आहे. नगररचना योजनेत शेजारशेजारची रानं एकत्र करतात, आधी रस्ते आखतात, मग ज्याला त्याला थोडी घटवून जमीन परत देतात. मूळ कायदा मुंबई इलाख्याचा, 1915 चा. परभणी तेव्हा निजामाकडं, म्हणून आपण सुटलो म्हणावं, तर महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातही ती सोय आहे. पण त्यात जमीन घटते, हे तुम्हाला कसं सोसावं?

‘पुढं डीपी रोड होणार’ असं तुम्ही प्लॉट विकताना सांगता, तेही खोटं नाही. विकास आराखड्याच्या नकाशात तो असतो. फक्त दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवायच्या मार्गाला लागू शकतो. मग तिथंही तुमची कमान!

शेठ, पुढच्या गटाचा नकाशा टाकण्याआधी पलीकडच्या शेठला एक फोन तेवढा करा. आणि जुन्या भिंतीला मोटारसायकल जाईल एवढं खिंडार पाडू द्या. मजुरीची वर्गणी आम्ही काढतो.

आपला,
एक प्लॉटधारक