कानटोपीवाले काका

भोपाळच्या अरेरा कॉलनीत, शाहपुऱ्यात किंवा भेलच्या वसाहतीत मराठी काकांची एक जात आढळते. नोकरीतून निवृत्त किंवा त्या उंबरठ्यावर. मराठी घरापुरती आणि मंडळाच्या गणपतीपुरती, बाकी सगळा कारभार भोपाळी ‘को खाँ’मध्ये. डिसेंबर लागला की हे काका बड्या तालाबाचा वारा बाधेल म्हणून कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर चढवतात, बोट क्लबपर्यंत फिरून येतात आणि वाटेत पोहे-जलेबी उरकतात. यातलं निमित्त कोणतं आणि प्रयोजन कोणतं, ते त्यांच्या पोटाकडे पाहून कळतं. गार पाण्याने तोंड धुणं ज्याला जाच वाटतो, तोच हा माणूस सध्या एमपी नगरातल्या एका पाटीसमोर रेंगाळू लागला आहे. तिथे पोट गोठवून कमी करून मिळतं. चिरफाड नाही, भूल नाही, टाके नाहीत. तासभर आडवं पडायचं, बस. आडवं पडण्याचा काकांचा सराव दांडगा आहे.

काकांना हसणं सोपं आहे, पण त्यांना भुलवणारी गोष्ट बुवाबाजी नव्हे. भोपाळच्या जानेवारीत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली गोठते, शेजारच्या बादलीतलं पाणी मात्र पातळच राहतं. तत्त्व एवढंच आहे. चरबीची पेशी कातडीच्या आधी गारठते. आइसकांडी चोखणाऱ्या बाळांच्या गालांतली चरबी थंडीने दुखावते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७० साली नोंदवलं होतं. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी त्याच धाग्यावरून तंत्र बसवलं. गारठून मेलेल्या पेशींचा निचरा शरीर दोन-तीन महिन्यांत करतं आणि त्या जागचा थर साधारण २० ते २५ टक्के उतरतो. म्हणजे चिमटीत चार सेंटिमीटर येत असेल, तर तीन येईल. तिथल्या सरकारी यंत्रणेने २०१० साली कमरेच्या वळ्यांसाठी आणि २०१२ साली पोटासाठी त्याला परवानगी दिली.

पण सगळी मेख त्या चिमटीतच आहे. यंत्र ओढून धरतं ती कातडीखालची, बोटांत येणारी चरबी. काकांचं पोट चिमटीत येतच नाही; ते नगाऱ्यासारखं ताठ आहे, कारण त्यांचा साठा आतड्यांभोवती आणि यकृतात, तळघरात आहे. तिथे यंत्राचा गारठा पोचत नाही. हा साठा आपल्या लोकांत किती बेमालूम लपतो, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचंच शरीर दाखला म्हणून छापून दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या फोटोत ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय पुरुषाने कंबर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावी, बाईने ८०च्या, असं सांगतात ते याच आतल्या साठ्याच्या धास्तीने. काका मोजपट्टी विकत आणतात, पण पडद्यांच्या मापासाठी.

“अहो, अमेरिकेने पास केलंय ना?” हा त्यांचा हुकमाचा पत्ता. केलंय, आकार सुधारायला, वजन किंवा साखर उतरवायला नव्हे. “चालून तरी कुठे कमी होतंय?” हा दुसरा. वास्तविक कमी खाण्याला आणि चालण्याला आतली चरबीच आधी दाद देते, फक्त चालण्याच्या टोकाला जलेबीचं दुकान नको. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: आरशासाठी करून घेतलं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. वजन स्थिर आहे, खाणं बेताचं आहे, तरी बाळंतपणानंतरची एखादी वळी हटत नाही, अशा माणसासाठीच हे यंत्र आहे. त्या वर्णनात चपखल बसतात त्या आमच्या काकू. घरातली ऊठबस त्याच करतात, पण हे करून घ्यायचं का, असं त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आणि जोखीम? क्वचित गोठवलेली चरबी विरघळण्याऐवजी फुगून घट्ट होते, जणू यंत्राच्याच आकाराची वीट. २०१४ साली अशी पहिली नोंद झाली ती चाळिशीतल्या एका पुरुषाची. लिंडा इव्हँजेलिस्टा या नामांकित मॉडेलने २०२१ साली हेच आपल्या वाट्याला आल्याचं जाहीर केलं. त्यावर उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच, म्हणजे ज्या सुरीला टाळायला निघालो, तिच्याच दारी परत. बेंबीशी हर्निया असेल किंवा थंडीने रक्तात बिघाड होण्याचा विकार असेल, तर त्या पाटीखालून पुढे जाणंच बरं.

हे सगळं काका नीट ऐकून घेतात, मान डोलावतात, सुलेमानी चहाचा घोट घेतात. निर्णय अजून झालेला नाही. विचार चालू आहे. त्यांची एकच शंका उरली आहे, आणि ती ना चरबीची, ना खर्चाची: मशीन पोटाला लावलेलं असताना कानटोपी घातलेली चालते का?