अडकलेला स्टड

इंजिन खोलताना सायलेन्सरचा स्टड हलत नाही, याचे कारण गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांत पाचरीसारखा ठासून बसतो. उपाय सर्वांना ठाऊक आहे: गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबणे. तो कोणी करत नाही, कारण गाडी संध्याकाळी द्यायची असते. त्याऐवजी पान्याला लांब पाइप जोडतात. स्टड मग निघतो, अर्धा. उरलेल्या अर्ध्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर फिरवतात. हे हत्यार फार कठीण पोलादाचे, म्हणून ठिसूळ. तेही आतच तुटते आणि साधे ड्रिल त्याच्यावर नुसते किंचाळते. या टप्प्यावर चहा मागवला जातो.

वास्तविक स्टड ज्यात बसतो ते इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आधी ते तापवावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि पकड ढिली होते. किंवा तुटक्या तोंडावर नट वेल्ड करावा: ऊबही मिळते, पान्याला धरायला जागाही. हे शहाणपण सहसा हेड लेथवाल्याकडे पोचल्यावर सुचते. बिलात सगळ्याची नोंद ‘किरकोळ काम’ अशी होते. कंपनीनेच स्टड हलका घातला होता, हा शेरा मात्र फुकट मिळतो.