दारूवाले आजोबा

आईला फोनवर सांगितलं, "शेजारचे आजोबा फार सज्जन आहेत, घरात दारूच्या साठेक कुप्या आहेत," तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"पिण्याची नव्हे गं, बंदुकीची."

"म्हणजे आणखी वाईट!"

खरं तर त्या कुप्यांत आज चिमूटभरही दारू नाही. शेफील्डच्या आमच्या या शेजाऱ्याने उभ्या जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. १६०५ साली याच दारूने पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याच्या आनंदात दर ५ नोव्हेंबरला इंग्लंडभर फटाके उडतात. आजोबा त्या रात्री कानांत कापूस घालून बसतात. प्रेम सगळं कुपीवर. जेवणाकडे ढुंकून न बघता डब्याच्याच प्रेमात पडावं, तसं.

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये लोक जातात ते फ्रान्स हाल्सचं 'लाफिंग कॅव्हेलिअर' बघायला. आजोबा तिथे चाळीस वर्षं जाताहेत; ते चित्र अजून बघून व्हायचं आहे. तळमजल्यावरच्या शस्त्रांच्या दालनांतून त्यांचा पाय निघत नाही. तिथेही तलवारी, चिलखतं यांना पाठ दाखवून हे गुडघे टेकणार कुपीच्या कपाटापुढे. सोळाव्या शतकात जर्मन कारागीर हरणाच्या शिंगाचं बेचकं पोखरून त्यावर बायबलातले प्रसंग कोरायचे. शिंग हलकं, दमट हवेला दाद देत नाही, ठिणगी पाडत नाही. हे आजोबा मला सांगतात तेव्हा अशा आवाजात, जणू उद्या मला लढाईवर निघायचंय.

पण जीव खरा गुंतलाय तो गावच्या मालात. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या डिक्सन आणि हॉक्सली या कारखान्यांतून तांब्या-पितळेच्या कुप्या जगभर गेल्या. त्यातली एखादी हातात आली की आजोबा नळीच्या तोंडावर बोट ठेवून तिला उलटी करतात आणि खटका दाबतात. नळी भरते. खटका सोडला की स्प्रिंगने झाप मिटते, आणि नळीत उरते ती बरोबर एका बाराची दारू. (दारू कल्पनेतली.) मिटताना 'टक्' वाजतं. त्या 'टक्'ला आजोबा डोळे मिटतात, आपल्याकडे तंबोरा जुळल्यावर मिटतात तसे. नकली माल ते याच आवाजावरून ओळखतात. एरवी अजातशत्रू माणूस, वैर फक्त कुपीला बेकार करणाऱ्या काडतुसाशी. "त्याने वाटोळं केलं," असं म्हणतात, जणू १८६० च्या सुमाराला यांची स्वतःची नोकरी गेली.

मलाही नाद लागावा म्हणून त्यांनी एक कुपी आठवडाभर आमच्याकडे ठेवली. तांब्याची, अंगावर टांगलेल्या शिकारीचं उठावाचं काम. "या तपकिरी रंगाचेच पैसे," त्यांनी तीनदा बजावलं. मूळचं लाखेचं रोगण जागोजाग टिकलं होतं. पॉलिश केलेली कुपी म्हणजे त्यांच्या लेखी सोलून ठेवलेला माणूस.

त्याच आठवड्यात आई आली.

मी ऑफिसातून घरी पोचलो तेव्हा ओट्यावर चिंचेचा चोथा आणि मीठ होतं, आणि शेजारी कुपी नवरीसारखी लखलखत होती. "किती वर्षं हात फिरवला नव्हता कुणी!" आई.

आजोबांना चहाला बोलावलं. त्यांनी कुपी घेतली, खिडकीपाशी नेली, परत आणली. भिंग खिशातून अर्धं बाहेर काढलं, तसंच आत सारलं. मग नळीवर बोट ठेवून ती उलटी केली आणि खटका दाबून सोडला. टक्.

"खटका शाबूत आहे," ते म्हणाले आणि चहात तिसऱ्यांदा साखर घातली.

आई कौतुकाने बघत होती. "बाकीच्याही घेऊन या म्हणावं आजोबांना. साठ काय, एका दुपारचं काम आहे."

आजोबांनी विचारलं, काय म्हणतात त्या?

"चहात साखर जास्त झाली का, म्हणून विचारतेय," मी म्हणालो.